मुद्दाम पाडलेले डाग

गेल्या अंकात जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की गडद रंगाच्या जुन्या सुती कपड्यांवर ब्लीचनं घरच्या घरी नक्षी काढता येते. त्यावर इतके प्रश्न आले की हा सगळा अंक त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

ताई, काळ्या कॉटनच्या कुर्त्यावर पांढरी फुलं काढायची होती. ब्लीच लावलं तर फुलं विटकरी आली! परत लावलं, तरी विटकरीच. ब्लीच भेसळीचं असेल का? – कोथरूड

ब्लीच बरोबर असणार हो, कुर्त्याचा रंगच तसा आहे. आपण ब्रशनं लावतो म्हणून आपल्याला वाटतं की आपण रंगवतोय, पण ब्लीच रंग देत नाही, आधीचा रंग तोडतं, आणि तोडल्यावर खाली काय उरणार ते ज्यानं कापड रंगवलं त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. बाजारातला काळा बऱ्याचदा दोनतीन रंग मिसळून केलेला असतो, त्यातला निळा भाग आधी जातो आणि लाल-पिवळा मागे रेंगाळतो, म्हणून विटकरी, तांबूस, कधी नारिंगी. एकाच दुकानातून घेतलेले दोन काळे कुर्ते वेगवेगळे उतरू शकतात. निळ्या जीन्सचं वेगळं, तिचा रंग म्हणजे इंडिगो, तो आकाशी होत होत अगदी पांढऱ्यापर्यंत जातो. काळी जीन्स मात्र बहुतेकदा मातकटच होते.

त्यामुळे नक्षी ठरवायच्या आधी कुर्ता उलटा करा, खालच्या दुमडीत आतल्या बाजूला एक थेंब टाका आणि दहा मिनिटं बघत बसा. दुसऱ्या मिनिटाला काय रंग आला, पाचव्याला काय, दहाव्याला काय, हे लिहून ठेवा. ह्या दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत कळणार नाही कारण तो कुर्ता तुमचा नाही. दहा मिनिटांत जे गेलं नाही ते सहसा नंतरही जात नाही, पुन्हापुन्हा लावलं तर रंग तिथंच राहतो आणि धागा मात्र खलास होतो. तेव्हा आता थांबा. आणि मला विचाराल तर काळ्यावर विटकरी पांढऱ्यापेक्षा छान दिसतं. पांढरंच हवं असेल तर सरळ पांढरा फॅब्रिक पेंट आणा.

खणाच्या कापडावर चालेल का? आणि आईची जुनी रेशमी साडी आहे, तिच्या पदरावर? – सदाशिव पेठ

रेशमी साडीला अजिबात हात लावू नका. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रोटीन, आपल्या केसांसारखं, ब्लीचमध्ये ते पिवळं पडतं आणि नंतर चक्क विरघळतं. साडीला जरीकाम असेल तर तेही काळं पडतं.

खणाचं सांगणं अवघड आहे कारण आता मिळणारा खण बऱ्याचदा मिश्र धाग्याचा असतो. कडेचे चारदोन धागे ओढून सिंकवर चिमट्यात धरून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर, त्यावर ब्लीच लावून काहीही होणार नाही, तासभर ठेवलंत तरी. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. हे सुती कुर्त्यातही दिसतं बरं का, कापड उतरतं पण शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो म्हणून तो काळाच्या काळा राहतो, आणि ती बारीक काळी टीप नक्षीच्या मधून जाते तेव्हा मस्त दिसते.

नक्षी काढायची कशानं? बाहेरच्या व्हिडिओत ब्लीचचं पेन दाखवतात, तुळशीबागेत सगळीकडे विचारलं, मिळालं नाही. – सहकारनगर

नसेना का मिळत, तुळशीबागेत त्यापेक्षा कामाची गोष्ट मिळते, रांगोळीचे प्लॅस्टिकचे छापे! छापा कापडावर पक्का बसवा, कडेला चिकटपट्टी लावा, आणि अर्धं ब्लीच अर्धं पाणी करून स्प्रेच्या बाटलीतून वरून हलका फवारा मारा, लांबून, भिजेल असा नाही. छाप्याच्या कडेखाली पाणी शिरलं की नक्षी गेलीच, म्हणून फवारा मारला की लगेच टिश्यूनं वरचे थेंब टिपून घ्या. उलटंही करता येतं, गुलमोहराची किंवा नेच्याची पानं कापडावर चपटी दाबून ठेवायची आणि आजूबाजूला फवारायचं, मग पानाखालचा भाग मूळ रंगाचा राहतो आणि भोवती फिकट धुकं येतं. मला स्वतःला हेच जास्त आवडतं कारण त्यात हात थरथरला तरी बिघडत नाही.

रेघ काढायची असेल तर ब्लीच घट्ट करावं लागतं. कॉर्नफ्लोअरची दाट खळ शिजवून पूर्ण गार करायची, त्यात तितकंच ब्लीच घालायचं, रिकाम्या मेंदीच्या कोनात भरायचं आणि लगेच वापरायचं, कारण ब्लीच त्या खळीलाही खातं आणि थोड्या वेळात ती पातळ होते. ज्यांचा मेंदीवर हात बसलाय त्यांना हे पहिल्या फटक्यात जमतं. ठसे हवे असतील तर भेंडी आडवी कापा, आयतं फूल. लाकडी ठोकळे वापरू नका, खराब होतील. ब्रश नायलॉनचा स्वस्तातला घ्या, केसांचा चांगला ब्रश ब्लीचमध्ये झडतो. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, ॲल्युमिनियमचं नको. आणि कुर्त्याच्या आत पुठ्ठा आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालायला विसरू नका, नाहीतर पुढची फुलं पाठीवरही येतील.

ब्लीच थांबवायला व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतात ना? मी तसंच केलं तर फार वास सुटला आणि ठसका लागला. – सिंहगड रोड

हा प्रश्न कितीतरी जणींनी विचारलाय आणि मला ह्याचीच काळजी वाटते. व्हिनेगर नाही म्हणजे नाही! तो जो वास आला तो क्लोरीन वायू होता. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरगुती बाटलीत साधारण ३ ते ६ टक्के, ते अल्कलीत आहे तोवर गुण्यागोविंदानं राहतं, त्यात आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट साफ करायचं ॲसिड, सगळ्यांचं तेच. अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडनं दुसरा विषारी वायू होतो. शिवाय व्हिनेगरनं ब्लीच थांबत तर नाहीच, उलट जास्त जोरात चालतं. अल्कली कमी होत होत पाणी धड आम्ल ना धड अल्कली अशा जागी आलं की सुताचा धागा सगळ्यात जास्त झिजतो, म्हणजे कापड वाचवायला म्हणून जे केलं त्यानंच ते गेलं.

बरोबर पद्धत अशी. हवा तो रंग आला (खरं तर हव्या त्या रंगाच्या जरा आधीच, कारण ओलं कापड गडद दिसतं आणि वाळल्यावर एक छटा उतरतं) की आधी नळाखाली भरपूर पाण्यानं खळखळून धुवा. मग अँटीक्लोर. नाव मोठं वाटतं पण मासे पाळणारे पाण्यातलं क्लोरीन घालवायला जे खडे टाकतात तेच हे, सोडियम थायोसल्फेट, फिश टँकच्या दुकानात स्वस्तात मिळतं, जुने फोटोग्राफर ह्यालाच हायपो म्हणायचे. अर्ध्या बादलीत दोनतीन चमचे विरघळवून पंधरा मिनिटं बुडवायचं. ते नाही मिळालं तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड, ६ टक्क्यांचं असेल तर पाच लिटर पाण्यात पाव लिटर, कापडात ब्लीच उरलं असेल तर बारीक बुडबुडे येतात, येऊ द्यात. मग पुन्हा साधं पाणी आणि नेहमीचा साबण, पण वेगळं धुवा, घरच्यांच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका.

आणि जागा. आपल्याकडे सगळे उद्योग बाथरूममध्ये दार लावून करायची सवय, इथं ते चालणार नाही. ड्राय बाल्कनी असेल तर तिथं, नाहीतर गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. कापडी मास्कनं वायू अडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. उरलेलं मिश्रण बाटलीत झाकून ठेवू नका, लगेच भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच ठेवायचं नाही.

छान झाला होता टीशर्ट, दोनतीन धुण्यांत नक्षीवरच भोकं पडली! – वानवडी

वर सांगितलं तेच, ब्लीच कापडातच राहिलं. नुसतं पाण्यातून काढलं की वास जातो पण धाग्यात उरतं आणि ते आपलं काम करत राहतं. दुसरं कारण, लेबल बघ, टीशर्टमध्ये स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा आहे का? ताण देणारा तो धागा क्लोरीनमध्ये मरतो. स्ट्रेच जीन्सचंही तसंच. भोकाखाली एखादा खणाचा तुकडा लावून टाक, मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

सोसायटीत टाकी धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर उरलीय. ती वापरली तर? – औंध

मजा अशी की ही पावडर मुळात कापडासाठीच निघाली, चार्ल्स टेनंटनं १७९९ साली ग्लासगोत तिचं पेटंट घेतलं, पाण्यात वगैरे टाकायला लागले ते बरंच नंतर. पण आपल्या कामाला नको. तिच्यात चुना असतो, तो विरघळत नाही, कण कापडावर बसले की नको तिथे ठिपके. आणि उघड्या पिशवीत ओल लागून तिचा जोर किती उरलाय ते कळत नाही. पातळ ब्लीचचंही थोडंफार तसंच आहे हो, एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनीत राहिलेली जुनी बाटली मंदावते, म्हणून बाटलीवरची तारीख बघून घ्यायची.

उन्हाळी शिबिरात आठ-दहा वर्षांच्या मुलांकडून करून घ्यायचंय. – बिबवेवाडी

मुलांच्या हातात ब्लीच देऊ नका, पातळ करूनसुद्धा नाही. त्यांनी पानं गोळा करावीत, दाबून मांडावीत, फवारा मोठ्यांनी लांब नेऊन मारावा. रंग बदलताना बघायला मात्र लांबून उभं करा, तेवढ्यानं पोरं खूश असतात.

जुन्या जीन्स आणि सुती साड्यांची गोधडी शिवतेय. ब्लीचची नक्षी शिवून झाल्यावर काढू की आधी? – धनकवडी

आधी, अगदी कापायच्याही आधी. गोधडीच्या थरांत ब्लीच शिरलं तर कितीही धुतलं तरी आतलं निघणार नाही, आणि धावदोरा सुती असेल तर तोच पहिला तुटेल. नक्षी फक्त जीन्सवर काढा, जुन्या साड्या आधीच विरलेल्या असतात, त्यांना हा मारा सोसणार नाही. तुकडे अँटीक्लोरमधून काढून, धुवून, कडक वाळवून, दोन्ही हातांनी ताणून बघा. कुठे कर्र आवाज आला तर तो तुकडा बाजूला काढून उशीच्या अभ्र्याला वापरा, गोधडीत नको, तिला वर्षानुवर्षं धुणं बडवणं सोसायचंय.