जुन्या कागदांतली 'वसाहत'
तुम्ही मोडी वाचायला नुकती सुरुवात केली आहे, म्हणून एक सांगतो. मराठेशाहीतल्या कागदात 'वसाहत' दिसली की इंग्रजांच्या वसाहती डोळ्यांपुढे आणू नका. तिथे अर्थ आहे ओसाड जागी माणसं आणून ती नांदती करणं. पेठ वसवायची तर सरकार शेट्याला (पेठेच्या प्रमुखाला) कौल देई, म्हणजे अभयपत्र. नव्या दुकानदारांना काही वर्षं कर माफ. शेतीत हेच 'इस्तावा' म्हणून येतं: पडीक जमिनीचा सारा पहिल्या साली अगदी थोडा, मग दरसाल चढत पूर्ण दरावर. त्यामुळे सवलत किती सालांची, ते आधी शोधा. खरी माहिती तिथेच असते. आणि बाहेरून येऊन कसणारा 'उपरी', वंशपरंपरागत हक्काचा 'मिरासदार', हा फरक वहीत लिहूनच ठेवा. तो पानोपानी लागतो.