लाकडी आगगाडीचे रूळ: चिकटवण्याआधी वाचा

रूळ सरकले की मूल चिडतं आणि मोठी माणसं हाताला येईल तो गोंद उचलतात. बिघडलेले रूळ घेऊन लोक दुरुस्तीला आले की प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

फेविकॉलने टेबलाला चिकटवले तर?
नको. सोडवताना लाकडाचा पापुद्रा निघतो.

फरशीवर रूळ घसरतात.
कपाटाच्या खणात घालतात ती जाळीदार रबरी मॅट खाली अंथरा.

भिंतीवर चित्रं लावायची पुटी चालेल, असं ऐकलं.
ऐकीव गोष्टींवर लाकूड सोपवू नका. पुटीतलं तेल कच्च्या लाकडात मुरतं, डाग जात नाही. टेबलाला आणि रुळाच्या तळाला आधी मास्किंग टेप लावा, मग दोन टेपांच्या मधे दुहेरी चिकटपट्टी. आठवड्याभरात काढा. टेबल पॉलिशचं असेल तर पॉलिश करणाऱ्याला आधी विचारा.

पावसाळ्यात सांधे घट्ट बसतात. घासू का?
नाही. दमटपणाने लाकूड फुगलंय, हवा कोरडी झाली की आपोआप बसेल. आत्ता घासलंत तर हिवाळ्यात सांधा खिळखिळा होईल.

मुलगा दोन वर्षांचा आहे. रुळांखाली छोटी, ताकदवान चुंबकं लावून पत्र्यावर बसवू का? विक्रेता म्हणतो, मुलांसाठी सुरक्षित आहेत.
मुळीच नको. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात, मधला भाग चिमटला जातो आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला नुसती उलटी किंवा पोटदुखी दिसते आणि घरचे उद्यावर ढकलतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, एक्स-रे काढून घ्या, घरगुती उपाय करत बसू नका. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण हस्तकलेचं सामान म्हणून विकलेली सुटी चुंबकं त्यातून निसटतात. ‘सुरक्षित’ हा शब्द विक्रेत्याने स्वतःच छापलेला असतो. गाडीच्या डब्यांची चुंबकंही दर महिन्याला हलवून बघा. सैल असेल तर डबा मुलापासून लगेच काढून घ्या.

कायम मांडून ठेवायचंय, पण रूळ खराब न करता.
प्लायवूडवर रुळांच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या चिकटवा. गोंद फक्त पट्टी आणि प्लायमधे, रुळाला अजिबात नाही. रूळ साधारण १२ मिलिमीटर जाड असतो, पट्टी ६ मिलिमीटर पुरते. म्हणजे चाकं अडत नाहीत आणि रूळ हवा तेव्हा उचलता येतो. वळणाच्या पट्ट्या सुताराकडून कापून घ्या आणि कडा गोल करायला सांगा.