मोठे गणितज्ञ शाळेतल्या शिक्षकांच्या संघटनेत कधी पडतात का?

पडतात ना! रामानुजनना 1914 मधे इंग्लंडला बोलावणारे इंग्रज गणितज्ञ हार्डीच घ्या, ते तिथल्या मॅथेमॅटिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, आणि ही मुळात शिकवणाऱ्यांचीच संघटना, 1871 मधे भूमितीचं शिकवणं सुधारायला सुरू झालेली कारण तेव्हा पोरं युक्लिडचं जुनं भूमितीचं पुस्तक नुसतं पाठ करायची. हार्डींनी 1926 च्या अध्यक्षीय भाषणात केंब्रिजच्या ट्रायपॉस या गणिताच्या पदवी परीक्षेवरच हल्ला चढवला, सुधारू नका, बंदच करा असं सरळ म्हणाले. ते स्वतः तिच्यात चौथे आले होते बरं का.

मी नागपुरात नववी-दहावीला गणित शिकवते, इथं पण पोरं पायथागोरसचं प्रमेय घोकूनच येतात, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. आपल्याकडे चेन्नईची एएमटीआय, म्हणजे भारतातल्या गणित शिक्षकांची संघटना, आहे 1965 पासून, शिक्षक असाल तर मेंबर व्हाच.