बाहेर फिरणारा बोका चार दिवसांपासून शिंकतोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बोका दोन वर्षांचा आहे, रात्रभर बाहेर असतो, चार दिवसांपासून शिंकतोय, दोन्ही डोळ्यांतून पाणी येतंय आणि लस कधीच दिलेली नाही. आधी मला एवढंच सांगा, तो जेवतोय का?

मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की पुढ्यातला मासासुद्धा त्याला कळत नाही. एक-दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, अंगाने भरलेल्या मांजरात तर लवकरच. शिंकांपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. त्यामुळे 24 तास त्याने तोंडच लावलं नसेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याला दवाखान्यात न्या.

जेवत असेल तर बहुधा ही मांजरांची सर्दी आहे. बहुतेक वेळा ती हर्पीस किंवा कॅलिसी या विषाणूंमुळे होते. बोके एकमेकांवर गुरगुरतात, भांडतात, एकाच वाटीत तोंड घालतात, तिथून ती लागते. माणसाला ती होत नाही, पण घरात दुसरं मांजर असेल तर त्याची वाटी आणि अंथरूण आजच वेगळं करा. कॅलिसीत जिभेवर फोड येतात, लाळ गळते, म्हणून तोंड उघडून एकदा बघा. हर्पीस एकदा शिरला की आयुष्यभर अंगात राहतो आणि घर बदललं, नवीन प्राणी आला की पुन्हा डोकं वर काढतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते.

मात्र एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येत असेल, तर मामला वेगळा. आमचं घर साताऱ्याजवळ, मागे माळ. पाऊस सरला की तिथलं गवत वाळून कुसळं होतात. आमची मनी एका ऑक्टोबरमध्ये माळावरून आली ती एकामागून एक शिंकतच, आणि पंजाने नाक घासत होती. मी सर्दी समजून तीन दिवस घालवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी भूल देऊन नाकातून कुसळाचा तुकडा काढला, तेव्हा कुठे ती शांत झोपली. म्हाताऱ्या मांजरात एकाच बाजूने वाहणारं नाक वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेल्या गळवामुळे किंवा गाठीमुळेही असू शकतं.

घरी करायचं ते असं. बरा होईपर्यंत त्याला आत ठेवा, तो कितीही ओरडला तरी. नाक-डोळ्यांची घाण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून त्या वाफेत दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. गरम पाण्याचं भांडं मात्र त्याच्या पुढ्यात ठेवू नका. जेवण कोमट करून द्या, म्हणजे वास उठतो. मीठ-मसाला, कांदा-लसूण काहीही न घालता शिजवलेला बांगडा, काटे काढून, त्याच्याच पाण्यासकट दिला की आमची मनी आजारपणातही खाते. मच्छर कॉइल, उदबत्ती, फिनेल काही दिवस बंद ठेवा. नुसत्या धुरानेही मांजरं शिंकतात.

आता हात जोडून सांगते, माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ती त्याला पचवता येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. निलगिरीचं तेल, कापूर, छातीला चोळायचं मलमही नको. घरात उरलेलं अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, विषाणूवर त्याचा काही उपयोग नसतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला तर ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

तोंड उघडून श्वास घेत असेल, डोळा उघडत नसेल, किंवा झोपेत मिनिटाला 40 पेक्षा जास्त श्वास मोजलेत, तर रात्र असली तरी थांबू नका. यातलं काही नसलं तरी दहा दिवसांत शिंका गेल्या नाहीत तर एकदा तपासून घ्या. बोके भांडताना चावतात, म्हणून त्याच वेळी एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि ल्युकेमिया (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) यांची रक्ततपासणी करता येईल का, हेही विचारा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणार असाल तर मांजर बघतात का, हे आधी फोन करून विचारलेलं बरं.

पूर्ण बरा झाला की तिहेरी लस (हर्पीस, कॅलिसी आणि पॅनल्यूकोपेनिया या तीन आजारांवरची) आणि रेबीजची लस द्या. तिहेरी लशीने सर्दी अजिबात होणार नाही असं नाही, पण झाली तरी हलकी जाते. नसबंदी झालेली नसेल तर तीही करून घ्या. मग बोका लांब भटकत नाही आणि भांडणंही कमी होतात. आज रात्री तो काय आणि किती खातो ते बघून इथे लिहा, मी वाट बघते.