शब्द किती वेळा आला? मोजणीविषयी वाचकांचे प्रश्न

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये शोधाच्या चौकटीखाली ‘इतक्या वेळा सापडला’ असा जो आकडा दिसतो, त्याविषयी नागपुरातील वाचकांकडून वारंवार तेच प्रश्न येत असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (धरमपेठ): शोधाची चौकट रिकामी असताना ‘मोजा’ बटण दाबले की सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतील माझा प्रोग्राम गोठतो. असे का?

रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) प्रत्येक जागी सापडते आणि तुमचा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग) तिच्या लांबीइतका, म्हणजे शून्य, पुढे सरकतो, म्हणून तो कधी संपतच नाही. रिकामा शब्द लूपच्या आधीच नाकारा.

प्रश्न (हिंगणा): ‘काकाका’मध्ये ‘काका’ किती वेळा आहे? पायथन ही भाषा एक म्हणते, क्यूटी ही प्रोग्राम बनवण्याची लायब्ररी दोन म्हणते.

दोन्ही बरोबर आहेत. पायथनचे काउंट हे मोजणीचे फंक्शन एकमेकांवर चढणाऱ्या जागा मोजत नाही, क्यूटीच्या स्ट्रिंगचे मोजते. तुमच्या कामात कोणता आकडा हवा हे ग्राहकाला विचारा आणि त्याचे उत्तर लेखी घ्या.

प्रश्न (बर्डी): एक विक्रेता ‘शंभर टक्के अचूक मराठी शोध’ देणारा घटक विकतो आहे. प्रात्यक्षिक उत्तम झाले. घ्यावा का?

प्रात्यक्षिक त्याच्या फाइलवर झाले असेल, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तुमच्या कामातील दहा पाने हाताने मोजा, तीच त्याच्यासमोर चालवा आणि त्याने टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याने आपण नेमके काय मोजतो हे आधी सांगितले पाहिजे.

प्रश्न (कळमना): आडतीच्या नोंदींसाठी पायथनमध्ये सॉफ्टवेअर केले आहे. ‘पूर्ण शब्द’ निवडून ‘संत्रा’ शोधला तर शून्य येते. ‘शेतकऱ्यांना’ डोळ्यांना बारा ठिकाणी दिसतो, मोजणी सात दाखवते. सहकारी म्हणतात की युनिकोड (अक्षरांना संगणकीय क्रमांक देणारे मानक) मराठीसाठी बनलेलेच नाही.

सहकाऱ्यांचे म्हणणे ऐकीव आहे, ते सोडून द्या. येथे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही इतके गुपचूप चुकतात की आकडा पाहून कोणाला शंकाही येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दोष शब्दसीमेचा. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये (नमुन्यानुसार मजकूर शोधण्याच्या सोयीत) काना, मात्रा, वेलांटी ही शब्दातील अक्षरे धरली जात नाहीत. त्यामुळे ‘नागपूर’चे ‘न’, ‘गप’ आणि ‘र’ असे तीन तुकडे होतात आणि ‘गप’ हा ‘पूर्ण शब्द’ म्हणून नागपूरमध्ये सापडतो! ‘संत्रा’च्या शेवटी काना आहे, पुढे मोकळी जागा असली तर दोन्ही अक्षरे धरली जात नसल्याने सीमा दिसतच नाही, उलट ‘संत्राबाजार’मध्ये ती दिसते. म्हणजे हवा तो शब्द सुटतो आणि नको तो मोजला जातो. आयसीयू या युनिकोडचे नियम पाळणाऱ्या लायब्ररीच्या शब्दविभागणीने सीमा ठरवा.

दुसरा दोष लेखनाचा. ‘शेतकऱ्यांना’मधील ऱ्य तीन प्रकारे टंकित झालेला असतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत (पाय मोडण्याचे चिन्ह) देऊन, र खाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि मग हलंत देऊन, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, संगणकासाठी ते तीन वेगळे शब्द आहेत. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) पहिल्या दोघांना एक करते, तिसऱ्याला करत नाही, आणि नुसता जोडक पुसला तर ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. म्हणून र, हलंत आणि जोडक या तिघांचे ऱ आणि हलंत असे रूपांतरच करावे लागते. ‘ॲप’मधील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, अ वर चंद्र देऊन लिहिलेला जुना मजकूर त्याच्याशी सामान्यीकरणानेही जुळत नाही. हे बदल मजकुराच्या प्रतीवर आणि शोधशब्दावर, दोन्हींवर करा, मूळ नोंदींवर कधीही नको. प्रतीत अक्षरांच्या जागा सरकतात, तेव्हा सापडलेला शब्द मूळ मजकुरात रंगवायचा असेल तर जागांचा ताळा ठेवावा लागेल.

‘नागपूर’ शोधून ‘नागपुरात’ सापडणार नाही, कारण विभक्तीत दीर्घ ऊ चा ऱ्हस्व होतो. ती रूपे मोजायची की नाहीत हे प्रोग्रामरने परस्पर ठरवू नये. मराठी व्याकरण जाणणाऱ्या व्यक्तीला आणि नोंदी वापरणाऱ्या आडत्याला सोबत बसवून ठरवा. नोंदींवरून पैशांचा हिशेब होत असेल, तर तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय हा आकडा छापू नका.

प्रश्न (महाल): विंडोजवर डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम बनवण्याच्या व्यासपीठाची) आवृत्ती बदलल्यावर तोच कोड वेगळा आकडा का देतो?

तुलनेचा प्रकार न सांगता इंडेक्स-ऑफ हे शोधाचे फंक्शन वापरले की ते भाषेच्या नियमांनी शोधते आणि 2020 च्या डॉटनेट 5 पासून विंडोजवर ते नियम आयसीयूकडून येतात. ऑर्डिनल (भाषेचे नियम न लावता अक्षरांचे क्रमांक जुळवणारी तुलना) असे स्पष्ट लिहा आणि दोन्ही आवृत्त्यांवर तोच मजकूर मोजून पाहा.

प्रश्न (हिंगणा): प्रत्येक कळीगणिक मोजणी होत असल्याने मोठ्या फाइलवर खिडकी अडकते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केले तर चालेल का?

नाही, याच आठवड्यात करा. शेवटची कळ दाबल्यानंतर सुमारे 300 मिलिसेकंद थांबून मोजणी पार्श्वभूमीतील थ्रेडवर (खिडकीला न अडवता समांतर चालणाऱ्या कामावर) सुरू करा आणि नवी कळ आली की जुनी मोजणी रद्द करा. थ्रेडचे काम पूर्वी केले नसेल, तर कोड अनुभवी सहकाऱ्याला दाखवून मगच ग्राहकाकडे पाठवा.