चमचा नाकारणाऱ्या बाळाविषयी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले : ‘बाळ काही खातच नाही.’ त्याच पत्रात चार ओळी खाली तू लिहितेस की, काल तुझ्या मांडीवर बसून त्याने तुझ्या ताटातला उकडलेल्या बटाट्याचा तुकडा मुठीत पकडला, तोंडात घातला आणि तू घाबरून तो काढून घेतलास तेव्हा रडून घर डोक्यावर घेतले. यातले दुसरे खरे. पहिले तू दमली होतीस म्हणून लिहिलेस. बाळ साडेसात महिन्यांचे आहे, मान सावरते, थोड्या आधाराने बसते, हाती लागेल ते तोंडात घालते. असे बाळ मिक्सरमधून काढलेल्या गरगटाला तोंड फिरवते तेव्हा बहुधा त्याचे भांडण अन्नाशी नसते, चमच्याशी असते. आणि चमचा धरलेल्या हाताशीही.

मी बाळांच्या वजनांच्या नोंदी ठेवण्यात तीस वर्षे घालवली, पण हे मला त्या नोंदींनी शिकवलेले नाही. माझा धाकटा मुलगा सात महिन्यांचा असताना मी, दुसऱ्यांना शहाणपण सांगणारी बाई, एका हाताने त्याचे दोन्ही हात दाबून धरत असे आणि दुसऱ्या हाताने गाजराचा लगदा त्याच्या ओठांतून आत सारत असे. तो घास गालात धरून ठेवी आणि मी खांद्यावर घेतले की सगळे माझ्या पाठीवर काढी. आठवड्याभरात अशी वेळ आली की, वाटीत चमचा वाजला की तो भिंतीकडे तोंड करू लागला. शेवटी त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीने, कुणालाही न विचारता, आपल्या हातातली पिकलेल्या नासपतीची फोड त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, चोखली, हिरड्यांनी कुरतडली, जमिनीवर टाकली आणि पुन्हा हात पुढे केला. पोटात किती गेले असेल ते सांगता येत नाही. पण तोंड त्याने स्वतःहून उघडले होते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला होता. नुकतीच दुधावरून अन्नावर येणारी, वरचे अन्न कधी चाखलेलेही नाही अशी १५ बाळे त्यांनी निवडली आणि एकूण ३४ साध्या पदार्थांमधून त्यांना आपले आपण निवडू दिले. परिचारिकांना सूचना होती की, चमचा हातात घेऊन शांत बसायचे. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला किंवा बोट दाखवले तरच त्यातला घास उचलायचा आणि बाळाने तोंड उघडले तरच तो आत द्यायचा. आग्रह नाही, कौतुक नाही, ‘अरे, हे बघ’ नाही. प्रत्येक बाळाचे खाणे वेगळे, अनेकदा विचित्रही होते. पण सगळी बाळे चांगली वाढली. मात्र या प्रयोगाचा अर्धाच भाग सांगण्याची लोकांना सवय आहे. उरलेला अर्धा डेव्हिस यांनीच स्पष्ट केला होता : सारी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, डबाबंद खाऊ नव्हता. त्यामुळे बाळाने काहीही निवडले तरी त्याचे नुकसान होण्याजोगे त्यात काही नव्हते. तुझ्या कामाची विभागणी यातून आपोआप होते. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कुठे बसून द्यायचे, हे तू ठरव. खायचे की नाही आणि किती, हे बाळाला ठरवू दे. या दुसऱ्या भागात हात घालण्याचा मोह तुला दिवसातून तीन वेळा होईल, हेही आताच सांगून ठेवते.

आता पहिल्या ताटाविषयी. या वयात बाळ वस्तू पूर्ण तळव्याने पकडते. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमते. म्हणून आपल्याला सहज वाटणारे बारीक चौकोनी तुकडे आता त्याच्या उपयोगाचे नाहीत, कारण ते मुठीत गडप होतात आणि मूठ उघडून आतले खायचे हे त्याला अजून उमगलेले नसते. तुझ्या बोटाएवढ्या लांबीच्या आणि जाडीच्या कांड्या काप, म्हणजे अर्धी कांडी मुठीत राहील आणि अर्धी वर डोकावेल. गाजर, भोपळा, रताळे, बटाटा, फुलकोबीचा देठासकट तुरा, हे सारे इतके शिजव की, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच दाबल्यावर त्याचा लगदा व्हावा. तुझ्या बोटांत जे चेपते, ते त्याच्या हिरड्यांत चेपते; दातांची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण चावण्याच्या दाढा यायला अजून बरेच महिने आहेत आणि तोवर हिरड्या हे काम उत्तम करतात. केळे फार निसटते; त्याची खालची साल तशीच ठेवून वरचा भाग सोललास तर धरायला मूठ मिळते, फक्त साल आधी धुऊन घे. एका वेळी दोन किंवा तीन कांड्यांपेक्षा जास्त पुढे ठेवू नकोस. भरलेले ताट पाहून काही बाळे बावरतात आणि काही ते सरळ उलटे करतात.

ज्या गोष्टीकडे तुझे लक्ष सर्वांत जास्त हवे ती म्हणजे लोह. जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. अमेरिकेच्या पोषण-मानकांनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते, तर प्रौढ पुरुषाला ८ मिलिग्रॅम पुरते. यावरून या चिमुकल्या शरीराची भूक कशाची आहे ते ध्यानात येईल. फळे आणि भाज्या हातात द्यायला सोप्या, रंगाने छान, म्हणून अनेक घरांत बाळाचे ताट त्यांनीच भरलेले असते आणि लोह मागे राहते. तुमच्या घरात जे चालत असेल त्याप्रमाणे पूर्ण शिजलेल्या अंड्याच्या लांब पट्ट्या, काटे काळजीपूर्वक काढलेला मासा, खूप शिजवून मऊ केलेले मांस, किंवा घट्ट शिजवून वळलेली डाळी-कडधान्यांची लांबट मऊ मुटकुळी, यांपैकी काहीतरी रोज पुढे असावे. कडधान्यांसोबत क जीवनसत्त्व असलेले एखादे फळ दिले तर त्यातले लोह अंगी जास्त लागते. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले असेल तर लोहाच्या थेंबांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचार.

आता तुझ्या भीतीविषयी, कारण खरे पत्र तू त्यासाठीच लिहिले आहेस. उमासा येणे आणि घास अडकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक पाठ झाल्याशिवाय तुला बाळाच्या समोर शांत बसता येणार नाही. मोठ्यांमध्ये उमासा आणणारी जागा जिभेच्या मुळाशी असते. बाळांमध्ये ती बरीच पुढे असते. त्यामुळे घास घशाच्या जवळपासही नसताना बाळ जीभ बाहेर काढते, ओकल्यासारखा आवाज करते, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते, घास पुढे येतो आणि पुढच्याच क्षणी ते तोच घास पुन्हा चघळू लागते. हे शरीराचे राखणदार काम करत आहे. अशा वेळी ओरडू नकोस, तोंडात बोट घालू नकोस. बोटाने घास मागे ढकलला जातो. न्यूझीलंडमध्ये २०६ मातांच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासात, हाताने खाणाऱ्या बाळांना सहाव्या महिन्यात चमच्याने भरवलेल्या बाळांपेक्षा जास्त उमासे आले आणि आठव्या महिन्यात कमी. घास अडकण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. त्या पालकांना धोक्याचे पदार्थ कोणते हे आधी नीट शिकवलेले होते, ही अट विसरू नकोस.

घास खरोखर अडकला तर तो बहुतेकदा आवाज करत नाही. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर पडू लागतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तेव्हा आपल्या हातावर पालथे घ्यायचे, डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने ५ जोरकस थापा द्यायच्या. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब द्यायचे, आणि घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून करायचे, दुसऱ्या कोणी त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. बाळ बेशुद्ध पडले तर हृदय-श्वसन पुनरुज्जीवन (सीपीआर, म्हणजे छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करावे लागते. इतक्या लहान बाळाचे पोट कधीही दाबायचे नाही. हे वाचून हाताला येत नाही, म्हणून तू आणि बाळाला सांभाळणारा घरातला प्रत्येक माणूस प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून या. पहिली कांडी त्यानंतर द्या.

कच्चे गाजर आणि कच्च्या सफरचंदाची फोड, अख्खे द्राक्ष, अख्खे दाणे व सुकामेवा, मक्याच्या लाह्या, कडक गोळ्या, गोल चकत्या कापलेले सॉसेज, चमचाभर घट्ट लोणी किंवा दाण्याचे घट्ट वाटण, हे ताटात येऊ देऊ नकोस. द्राक्ष द्यायचेच तर उभे चिरून चार भाग कर. बाळ सरळ बसलेले असावे, पायांना आधार असावा आणि मोठे माणूस समोर असावे, फोनवर नसावे. गाडीत किंवा रांगत असताना काहीही देऊ नये. वर्षाच्या आत मध नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मीठ आणि साखर घालू नकोस. गाईचे दूध अन्नात थोडे चालते, पण वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून नको.

शेंगदाण्याला आणि अंड्याला मात्र घाबरून लांब ठेवू नकोस. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला गेला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. बारीक वाटलेला दाणा पातळ करून, एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि दिवसा दे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अॅलर्जी आधीच दिसली असेल, तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

किती पोटात गेले, याची चिंता तू वाटीने मोजून करतेस. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, आईचे दूध पुरेसे चालू असलेल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात, नवव्या महिन्यापासून सुमारे ३००. म्हणजे आजही त्याचा मोठा आधार दूधच आहे. दूध पाजून साधारण तासाभराने त्याला बसव. फार भुकेले बाळ कांडीशी झगडायला तयार नसते आणि पोट भरलेले बाळ कांडी फेकते. वीस मिनिटांनी, काहीही झालेले असो, ताट उचल. एखादा पदार्थ नाकारला तर चार दिवसांनी न बोलता तोच पुन्हा ठेव. आठ-दहा वेळा समोर आल्यावर तो आपलासा होणे अगदी सामान्य आहे, आणि बहुतेक आया तिसऱ्या वेळी नाद सोडतात. खाली जुनी चादर अंथर. बाळाचे तोंड प्रत्येक घासानंतर पुसू नकोस. मला स्वतःला ही सवय सोडायला वर्ष लागले.

मिक्सर मात्र माळ्यावर टाकू नकोस. घट्ट कालवलेले अन्न चमच्यात भरून तो चमचा बाळाच्या हाती दिलास, तर भिंतीकडे तोंड करणारी बाळेसुद्धा तो तोंडात नेतात. अर्धे कानात जाते, पण नेतात. चमचा की तुकडा, यात मी कोणत्याच पंथाची नाही. गुठळ्या आणि तुकडे फार लांबणीवर टाकणे मात्र मला पसंत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांना नऊ महिने उलटल्यावर गुठळ्या असलेले अन्न सुरू झाले त्यांच्यात सातव्या वर्षीही खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या.

तुझ्या बाळाला हे लागू पडेल असे मला त्याच्या बटाट्यावरून वाटते. पण प्रत्येक खाण्याच्या वेळी त्याला खोकला येत असेल, खाल्ल्यावर आवाज घोगरा किंवा घुरघुरता होत असेल, कोणतीही वस्तू तोंडाजवळ न्यायलाच ते तयार नसेल, किंवा वजन थांबले वा उतरले असेल, तर माझ्या पत्रांवर विसंबू नकोस. बालरोगतज्ज्ञांना आणि गिळण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या थेरपिस्टना लवकर दाखव.

मागच्या तीन महिन्यांच्या वजनांचा तक्ता मला पाठव. आणि प्रथमोपचाराचा वर्ग झाला की पहिल्या दुपारी बटाटाच दे, दुसरे काही नको. त्याच्याशी त्याची ओळख झालेली आहे. अर्धवट राहिली, कारण तू तो काढून घेतलास.

तुझी,
मावशी