'शून्य शुल्क' म्हणजे नेमकं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एखादा देश व्यापारी गटात (म्हणजे आपसातल्या मालावरचं आयातशुल्क उतरवणाऱ्या देशांच्या गटात) गेला, की त्याच त्या शंकांची पत्रं येतात. म्हणून आज एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: गटात गेल्यावर निर्यात वाढतेच ना?
उत्तर: नाही. फक्त शुल्काची भिंत उतरते. माल, दर्जा आणि भाव आपलेच लागतात.

प्रश्न: मुक्त व्यापार करार आणि सीमाशुल्क संघ एकच का?
उत्तर: नाही. संघात बाहेरच्या मालावर सगळ्यांचा दर एकच असतो. करारात ज्याचा त्याचा. म्हणूनच स्वित्झर्लंडला चीनशी स्वतंत्र करार करता आला (2014 पासून लागू), फ्रान्सला तसं करता येणार नाही, कारण तो युरोपीय महासंघाच्या सीमाशुल्क संघात आहे.

प्रश्न: निदान आयात तरी स्वस्त होते ना?
उत्तर: नेहमी नाही. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात गेला. न्यूझीलंडचं लोणी मुळात स्वस्त. पण त्यावर बाहेरच्यांसाठीचं शुल्क बसलं आणि युरोपच्या लोण्याला ते लागेना. अशी खरेदी बाहेरच्या स्वस्त मालाकडून गटातल्या महाग मालाकडे वळते, याला व्यापारविचलन म्हणतात. अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी 1950 मध्येच हा धोका मांडला होता.

प्रश्न: आमचा पुरवठादार म्हणतो, माल सदस्य देशातून पाठवला की शुल्क माफ. खरं का?
उत्तर: साफ खोटं, आणि हे ऐकून लोक बुडतात म्हणून सविस्तर सांगते. माल कुठून निघाला याला महत्त्व नाही. तो कुठे *घडला* ते बघतात. बाहेरून आलेल्या तयार शर्टाला सदस्य देशात नुसतं नवं लेबल लावलं, घडी घालून खोक्यात भरलं, तर तो त्या देशाचा होत नाही. काही करारांत तर सूत कातण्यापासून पुढचं सगळं काम गटातच व्हावं लागतं. मोटारींसाठी नाफ्तात (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या जुन्या करारात) 62.5 टक्के मूल्य गटातलं लागे. त्याच्या जागी आलेल्या करारात ते 75 टक्क्यांवर नेलं. ब्रिटन युरोपीय महासंघाच्या सीमाशुल्क संघातून बाहेर पडल्यावर, जानेवारी 2021 मध्ये युरोपातून ब्रिटनच्या गोदामात आलेला माल तसाच आयर्लंडला पाठवणाऱ्यांनाही शुल्क भरावं लागलं, कारण मधल्या मुक्कामात त्याची सवलत गेली होती.

'मूळ देशाचा दाखला (माल कुठे घडला याचा कागद) हमखास मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. पुढे तपासणीत दाखला खोटा ठरला, तर शुल्क आणि दंड आयातदाराच्या माथी येतो. एजंट तोवर फोन उचलत नाही. करारातला तुमच्या मालाचा नियम एचएस कोडनुसार (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकानुसार) काढा आणि सौद्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्या.

प्रश्न: माल बंदरात आलाय, मूळ देशाचा दाखला आता काढला तर चालेल का?
उत्तर: काही करारांत चालतं, पण ठरलेल्या मुदतीतच. पत्र लिहिण्यात दिवस घालवलेत. आजच ब्रोकरला गाठा.